पुस्तकाच्या दुकानातील उमेदवारी

गेल्या आषाढात आम्हांस पणजीस जाण्याचा योग आला. बेळगावाहून निघालेली बस चोरला घाट उतरू लागली तेव्हा धुक्याने सारी दरी भरून गेली होती. आमच्या गावातील एका शेतकऱ्याची मुलगी पदवी घेऊन तीन महिन्यांच्या उमेदवारीसाठी पणजीतील एका लहानशा पुस्तकांच्या दुकानात राहिली होती. "फादर, दिवसभर मोबाइलवर असते म्हणे. पैसे मिळतात ते खोलीच्या भाड्यातच जातात. जरा पाहून या, नाहीतर महिनाअखेर तिला घरी आणतो," असे तिच्या वडिलांनी आम्हांस विनविले होते.

मांडवीचा पूल ओलांडून, चर्चच्या शुभ्र पायऱ्यांवरून वाहणारे पाणी पाहत, आम्ही त्या आडगल्लीत शिरलो. दुकान दोन खोल्यांचे. एकच वृद्ध मालक. मुलगी कोरड्या फडक्याने पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवरील बुरशी पुसत होती. कोकणपट्टीच्या पावसात हे काम रोजचेच. त्यानंतर ती एक पुस्तक वाचावयास घेते, खिडकीच्या उजेडात त्याचे छायाचित्र काढते, चार ओळी लिहून इन्स्टाग्राम व फेसबुकवर घालते, विचारणा करणाऱ्यांस उत्तरे देते आणि टपालाची पुडकी बांधते.

"फादर, पहिल्या आठवड्यात मी चहाचा कप आणि पुस्तके यांचे सुंदर छायाचित्र घातले," ती म्हणाली. "शेकडो लोकांनी वाखाणले, दुकानात मात्र कोणीच आले नाही. मग परसबागेवरचे एक पुस्तक वाचून काढले आणि त्यात कोणत्या भाज्यांची लागवड दिली आहे तेवढेच लिहिले. दुसऱ्याच दिवशी डिचोलीहून एक शिक्षिका ते घ्यावयास आल्या."

चूकही तिने लपविली नाही. विकून गेलेले एक पुस्तक तिने शिल्लक म्हणून जाहीर केले, आणि एक वृद्ध गृहस्थ भर पावसात हेलपाटा घालून रिकाम्या हाताने परतले. मालकांनी तीस त्यांची क्षमा मागावयास लाविले. तेव्हापासून फळीवर हात ठेवून खात्री केल्यावाचून ती एक अक्षरही लिहीत नाही.

इंग्लंडमधील एक हकीकत तिने आम्हांस सांगितली. हॅम्पशायर परगण्यातल्या पीटर्सफील्ड गावी १९१८ पासून चालत आलेले एक पुस्तकांचे दुकान आहे. २०२० च्या जानेवारीत एका पावसाळी दिवशी तेथे एकही पुस्तक खपले नाही. दुकानातील मंडळींनी ओस पडलेल्या दालनांची छायाचित्रे ट्विटरवर घालून ती गोष्ट सरळ सांगितली. एका नामांकित लेखकाने तो मजकूर आपल्या असंख्य वाचकांपुढे ठेवला, आणि रातोरात सुमारे १,००० पौंडांच्या मागण्या आल्या. बढाई मारून जे साधले नसते, ते खऱ्या शब्दाने साधले.

संध्याकाळी आम्ही मांडवीकाठी उभे राहिलो. याच नदीच्या वरच्या अंगास, जुन्या गोव्यात, १५५६ साली भारतातील पहिला छापखाना सुरू झाला. पुढे १६१६ साली राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. भाषा मराठी, लिपी मात्र रोमन; कारण नागरी खिळे हाताशी नव्हते. जे साधन होते त्यानेच शब्द वाचकापर्यंत पोहोचविला गेला. आज ते साधन मोबाइल आहे, एवढेच. वाचकाच्या हाती काय द्यावयाचे, हा प्रश्न तेव्हाही होता, आजही आहे.

परत आल्यावर आम्ही वडिलांस सांगितले, "मुलगी मोबाइलवर असते हे खरे, पण आधी पुस्तक वाचते, मग लिहिते. पैसे थोडे आहेत, हेही खरे."

ते बराच वेळ पावसाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तीन महिने पुरे होऊ द्यात, फादर. भाड्याला कमी पडले तर भात विकून पाठवीन. आणि ते परसबागेचे पुस्तक अजून मिळते का, तेवढे विचारा."