‘असूनही’

संतसाहित्याच्या तासाला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांविषयी बोलताना माझे एक ठरलेले वाक्य असे : ‘मुसलमान असूनही त्यांनी ‘योगसंग्राम’सारखा ग्रंथ मराठीत रचला.’ दहा वर्षे मी हे वाक्य उच्चारत होतो आणि ते उदारपणाचे आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

२०१५ साली एका उजळणी वर्गाला गेलो, तेव्हा माझ्या खोलीत उर्दूचे एक प्राध्यापक होते. यादी वाचताच खोली बदलून मागावी, असे मनात येऊन गेले. हे आज लिहितानाही संकोच वाटतो. १९९३च्या जानेवारीत मी शाळकरी होतो. मुंबईच्या दंगलीच्या बातम्या आमच्या वाड्यातली वडीलधारी माणसे ज्या स्वरात वाचत, तो स्वर मला वारशाने मिळाला होता. मुसलमान माणूस मात्र मी जवळून पाहिलेलाच नव्हता.

माझे व्याख्यान ऐकल्यावर रात्री ते शांतपणे म्हणाले, ‘‘सर, बाकी सगळं छान झालं. पण तो ‘असूनही’ कशाला? श्रीगोंद्याचा माणूस मराठीत लिहिणार नाही तर कशात लिहील?’’ मला उत्तर सुचले नाही. मैत्री मात्र त्या रात्रीपासून जडली.

त्याच डिसेंबरात मी त्यांच्या गावी, विजापूरला गेलो. गावाचे अधिकृत नाव आदल्याच वर्षी विजयपुरा झाले होते. इब्राहिम रोजाच्या खिडक्यांत दगडातून कोरून काढलेली अक्षरे आम्ही पाहत होतो. येथे दफन असलेल्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने (राज्यकाल १५८० ते १६२७) ‘किताब-ए-नवरस’ हा गीतसंग्रह दखनीत रचला आणि त्यात सरस्वतीचे स्तवन केले, असे मित्राने सांगितले. मी उत्साहाने म्हणालो, ‘‘सुलतान असूनही...’’ आणि जीभ चावली. दोघेही हसलो, पण शब्द किती खोल रुजतो, ते मला त्या क्षणी कळले.

दुपारी त्यांच्या घरी जेवायला बसलो. माझा हात ताटाशी क्षणभर अडखळला असावा. त्यांच्या अम्मी आतून म्हणाल्या, ‘‘नवी पतेली है, सर. इसमें कब्बी गोश्त नै पका. फिकीर नक्को.’’ मी ओशाळलो. माझा संशय मी कधी बोलून दाखवला नव्हता. तरी त्या माउलीला तो ठाऊक होता, आणि बाजारातून नवे भांडे आणून तिने त्याचीही सोय केली होती. अपमान गिळून आतिथ्य करण्याची ही सवय किती पिढ्यांची असेल? आणि तो ‘नक्को’ तर माझ्याच भाषेतून त्या घरात गेलेला होता.

परतल्यावर मी टिपणांतून ‘असूनही’ खोडला. आपण पूर्वग्रहातून सुटलो, असे काही काळ वाटलेही. परंतु गेल्या वर्षी उत्तरपत्रिका तपासताना एकीत ते वाक्य जसेच्या तसे भेटले. माझ्या जुन्या टिपणांच्या छायाप्रती अजून हातोहात फिरत आहेत, हे चौकशीअंती समजले. लाल पेन हातात घेऊन मी बराच वेळ बसून राहिलो. गुण कापायचे ते कोणाचे?

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो आणि अम्मींच्या पातेल्याची गोष्ट सांगितली. शेख महंमद त्यानंतर शिकवले.