तेरा पायऱ्या

आमचं घर हॅरोला, म्हणजे लंडनच्या वायव्य भागात आहे. इथल्या बऱ्याच घरांसारखंच ते अरुंद आणि दुमजली आहे. खाली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, वर झोपायच्या खोल्या आणि न्हाणीघर. मधे जिना. या जिन्याला तेरा पायऱ्या आहेत. मी या घरात लहानाची मोठी झाले, पण पायऱ्या कधी मोजल्या नव्हत्या. त्या मोजल्या आजीने.

आजी मूळची सांगलीची. आजोबा गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. दर रविवारी ती तेलाची बाटली घेऊन वर माझ्या खोलीत यायची आणि माझ्या केसांना तेल लावून द्यायची. लावता लावता सांगलीच्या गोष्टी सांगायची. माझं निम्मं मराठी मी त्या रविवारांत शिकले.

मग तिचे गुडघे दुखायला लागले. उजवा जास्त, डावा थोडा कमी. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्यांची झीज झाली आहे. या आजाराला ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. तो खूप लोकांना होतो. २०१९ साली जगात सुमारे ५२ कोटी ८० लाख लोकांना तो होता.

आम्ही सगळ्यांनी आजीची काळजी घ्यायची ठरवली. "आजी, तू बस, मी आणते," हे माझं रोजचं वाक्य झालं. पाणी मी आणायचे, चष्मा मी आणायचे, फोनही मीच हातात द्यायचे. आईने तिला स्वयंपाकघरात उभं राहू दिलं नाही. बाबांनी तिचा पलंग खाली बैठकीच्या खोलीत आणला. आम्हाला वाटलं, पायांना आराम मिळाला की गुडघे बरे होतील.

झालं उलटंच. सहा महिन्यांत आजीला खुर्चीतून उठणंही जड जाऊ लागलं. आंघोळीसाठी बाबा तिला धरून वर न्यायचे. तिला ते मुळीच आवडायचं नाही. रविवारचं तेल बंद झालं. एका संध्याकाळी ती हळूच म्हणाली, "मी आपली सांगलीला जाते. तिथलं घर तळमजल्यावर आहे. इथे मी तुम्हाला नुसता भार."

सांगलीच्या घरात आता कोणी राहत नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

थोड्याच दिवसांनी आजीला फिजिओथेरपिस्टकडे जायचं होतं. आई-बाबा कामावर होते, म्हणून मी सोबत गेले. आजीला इंग्रजी समजतं, पण पटपट बोललेलं कळत नाही. त्यामुळे दुभाषी मीच. पहिल्याच वाक्याला मी अडले. कार्टिलेजला मराठीत काय म्हणतात? (त्याला 'कूर्चा' म्हणतात, हे मला नंतर कळलं.) मी म्हटलं, "आजी, हाडांच्या टोकांवर जी गादी असते ना, ती झिजली आहे."

"गादी होय! मग झिजणारच. सत्तर वर्षं वापरली की," आजी म्हणाली.

फिजिओथेरपिस्ट पुढे सांगत गेली आणि मी जमेल तसं मराठीत सांगत गेले. या गादीला रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या पातळ द्रवातून. आपण चालतो, तेव्हा ती स्पंजसारखी दाबली जाते आणि परत सुटते. त्यामुळे द्रव आत-बाहेर होतो. आपण बसूनच राहिलो तर हे काम मंदावतं. शिवाय मांडीचे स्नायू अशक्त होतात आणि सगळा भार गुडघ्यावर येतो. झिजलेली गादी व्यायामाने पुन्हा नवी होत नाही. पण स्नायू बळकट झाले की ते भार वाटून घेतात आणि दुखणं कमी होतं.

हे मराठीत सांगताना माझा आवाज बारीक झाला. "आजी, तू बस" म्हणून मी तिच्या पायातलं बळ काढून घेत होते.

मग फिजिओथेरपिस्टने विचारलं, "दुखतं म्हणजे कसं दुखतं?" आजी म्हणाली, "सकाळी उठल्यावर पाय अवघडतात. संध्याकाळी ठणकतात. आणि जिना उतरताना एकदम कळ येते." माझ्याकडे या सगळ्यासाठी एकच शब्द होता: दुखतं. मी आजीला प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारला. अवघडणं म्हणजे सांधा आखडल्यासारखा होणं. ठणकणं म्हणजे आतून ठोके पडल्यासारखं दुखणं. कळ म्हणजे अचानक येणारी तीव्र वेदना. हा फरक महत्त्वाचा होता. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालेल, पण कळ आली तर तिथेच थांबायचं, असं फिजिओथेरपिस्टने सांगितलं.

तिने आजीला तीन सोपे व्यायाम दिले. पहिला, टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली ठेवायची, गुडघ्याने ती दाबायची, पाच आकडे मोजायचे आणि सोडायचं. दुसरा, खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, थोडा वेळ धरायचा आणि सावकाश खाली आणायचा. तिसरा, हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि हळू बसायचं. नाही जमलं तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करायची. शिवाय रोज दहा मिनिटं सपाट रस्त्यावर चालायचं, चांगले बूट घालून. घरातल्या सपाता घालून नाही!

जिन्यासाठी एक नियम होता. कठडा धरायचा, चढताना चांगला पाय आधी टाकायचा आणि उतरताना दुखरा पाय आधी. आजीने त्याचं लगेच मराठी करून टाकलं: "चढताना चांगला, उतरताना दुखरा." ती ते मंत्रासारखं म्हणायची.

महिन्याभरात फरक दिसू लागला. आजी उशीशिवाय उठायला लागली. मला इतका आनंद झाला की मी दुसरी चूक केली. एका शनिवारी बागेत चालताना मी म्हटलं, "आजी, आणखी एक चक्कर!" मग आणखी एक. ती नको म्हणाली नाही. दुसऱ्या दिवशी तिचा उजवा गुडघा सुजला. दोन दिवस तिला धड चालता आलं नाही. मी रडवेली झाले.

"अगं, मला सांगता आलं असतं. पण तू किती खूश होतीस," आजी म्हणाली.

फिजिओथेरपिस्ट रागावली नाही. तिने एक मोजमाप शिकवलं. शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही आणि दहा म्हणजे सहन होत नाही. व्यायाम करताना दुखणं चार-पाचपर्यंत गेलं तर हरकत नाही, पण दुसऱ्या सकाळपर्यंत ते पहिल्यासारखं झालं पाहिजे. नाही झालं, तर व्यायाम जास्त झाला. मग तो कमी करायचा, पण बंद करायचा नाही. गुडघा खूप सुजला, लाल किंवा गरम झाला, ताप आला किंवा पायावर उभंच राहता येईना, तर मात्र व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवायचं.

तेव्हापासून आमच्या फ्रिजवर एक कागद आहे. आजी रोज सकाळी त्यावर आकडा लिहिते. आता मी "बस" म्हणत नाही आणि "चल" पण म्हणत नाही. मी विचारते, "आजी, आज किती?" ती म्हणते "तीन", मग आम्ही बागेत जातो. ती म्हणते "सहा", मग फक्त टॉवेलचा व्यायाम.

एक गोष्ट लक्षात ठेवा. सांधेदुखीचे प्रकार अनेक आहेत. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस या प्रकारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. त्याचे उपचार वेगळे असतात. म्हणून तुमच्या घरी कोणाचे सांधे दुखत असतील, तर आमच्या आजीचे व्यायाम तसेच करू नका. आधी डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टना विचारा.

जूनमधल्या एका रविवारी मी वर अभ्यास करत होते. जिन्यावर आवाज आला. "एक... दोन... तीन..." मी पळत दाराशी गेले, पण धरायला खाली गेले नाही. कठडा धरून आजी एक एक पायरी चढत होती. दुसऱ्या हातात तेलाची बाटली. तेरा म्हणून ती वर पोचली, थोडा दम घेतला आणि माझ्या खोलीत डोकावली.

"अगं, ही खोली आहे की मंडई?"

पूर्वी ती माझ्यासोबत जमिनीवर बसायची. आता ती खुर्चीत बसली आणि मी तिच्या पायाशी. तिचे गुडघे अजूनही दुखतात, आणि थंडीत जास्तच. पण आंघोळीला ती एकटी वर येते. डिसेंबरात ती सांगलीला चालली आहे, महिनाभरासाठी. परतीचं तिकीट तिने स्वतः सांगून काढून घेतलं आहे.

बोलूया

१. आजीला आराम देऊनही तिचं दुखणं का वाढलं?
२. अवघडणं, ठणकणं आणि कळ येणं यांत काय फरक आहे? प्रत्येक शब्द वापरून एक वाक्य तयार करा.
३. लेखिकेच्या दोन चुका कोणत्या? तुमच्याकडून कधी अशी चूक झाली आहे का?
४. घरातल्या मोठ्या माणसांना विचारा: दुखण्यासाठी त्यांना आणखी कोणते मराठी शब्द माहीत आहेत?