श्वासाला लावलेलं वळण

साठ-सत्तरच्या दशकांत वाड्यांत आणि चाळींत वाढलेल्या आम्हा मंडळींना श्वास कसा घ्यायचा, हे कुणी समोर बसवून शिकवलं नाही. तरी घरातल्या मोठ्यांनी आमच्या श्वासाला वळण लावलं होतं आणि तेही रोजच्या कामांतून, आमच्या नकळत.

पहाटे वडिलांचे सूर्यनमस्कार सुरू व्हायचे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी या व्यायामाच्या प्रसाराचा ध्यास घेतला होता आणि वडिलांच्या पिढीवर त्याचा मोठा पगडा होता. शेजारी सतरंजीवर आम्ही भावंडं. हात वर नेताना श्वास आत, वाकताना बाहेर. आम्हाला धाप लागली की वडील थांबवायचे. "तोंड मीट, नाकानं घे. घाई कसली आहे?" श्वास जागेवर आल्याशिवाय पुढचा नमस्कार नसे.

तिन्हीसांजेला दिव्यापुढे शुभंकरोती, मग रामरक्षा, भीमरूपी. वारकऱ्यांच्या घरी हरिपाठ. आजीचा दंडक एकच, चरण मध्येच तोडायचा नाही. त्यासाठी आधी पोटभर श्वास घ्यावा लागे आणि तो पुरवून पुरवून सोडावा लागे. धाकट्याचा दम अर्ध्यात संपला की आजी त्याच्या पोटावर तळहात ठेवायची. "खांदे नको उचलूस, इथून घे." हाताखाली पोट फुगल्याचं जाणवलं की मगच पुढचा चरण. तिनं हे जात्यावर कमावलं होतं. दळणाच्या फेऱ्याबरोबर ओवी म्हणता म्हणता तिचा श्वास लयीत बसला होता.

सर्दी झाली की तपेलीत उकळतं पाणी, डोक्यावरून चादर आणि वाफारा. तव्यावर शेकलेल्या ओव्याची पुरचुंडी उशाशी असायची. झोपेत तोंड उघडं दिसलं, तर आई हनुवटी हलकेच वर करायची.

या साऱ्यामागचं शास्त्र आम्हाला फार उशिरा कळलं. नाक हवा गाळतं, तिला ऊब आणि ओलावा देतं. नाकाभोवतीच्या पोकळ्यांत तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड श्वासाबरोबर फुप्फुसांत उतरतो, तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतो आणि प्राणवायू रक्तात मिसळायला मदत करतो. तोंडानं घेतलेल्या श्वासाला हा लाभ मिळत नाही. पोट फुगतं तेव्हा श्वासपटल खाली सरकतं आणि हवा फुप्फुसांच्या तळापर्यंत पोचते. उच्छ्वास लांबला की व्हेगस या मज्जातंतूमार्फत हृदयाची गती मंदावते, जीव शांत होतो. विश्रांतीत मोठा माणूस मिनिटाला साधारण 12 ते 20 वेळा श्वास घेतो. संथ लयीत जप किंवा स्तोत्र म्हणताना हा आकडा 6 च्या आसपास येऊ शकतो. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं, ते प्राणायाम आणि आसनं प्रयोगशाळेत तपासण्यासाठीच.

त्या घरांत सगळंच आरोग्याचं होतं, असं मात्र नाही. फुंकणीनं चूल पेटवणाऱ्या आज्या-आत्यांनी आयुष्यभर धूर गिळला. उतारवयात जिन्याच्या चार पायऱ्यांवर त्यांना दम लागायचा, तो वयामुळे लागतो असंच आम्ही समजत होतो. चुलीचा धूर फुप्फुसं कायमची पोखरतो, हे आता सर्वमान्य आहे. गॅस आला आणि हा जाच संपला, याचा आनंदच आहे.

पण धुराबरोबर जातं गेलं, पाठांतर गेलं, पहाटेचे नमस्कारही गेले. आमची मुलं दिवसभर पोक काढून पडद्यासमोर बसतात. त्यांचा श्वास छातीत वरच्यावर चालतो आणि संध्याकाळी ती विनाकारण थकलेली असतात. त्यांना उपदेश नकोय, सोबत हवी आहे. दिवसातून दहा मिनिटं त्यांच्याबरोबर ताठ बसावं, नाकानं सावकाश श्वास घ्यावा, त्याहून सावकाश सोडावा. नातवंडांना मांडीवर घेऊन एखादं स्तोत्र, नाहीतर कविता, चरण न तोडता म्हणावी. दमा असेल त्यानं डॉक्टरांची औषधं चालू ठेवूनच हे करावं. आम्हाला हे वळण फुकट मिळालं. पुढच्या पिढीला ते आपणहून लावणं, हे आता आमचं काम आहे.