वकील कोण दिलाय?

खुनाचं कलम लागलं की आमच्याकडे माणसं पहिला प्रश्न विचारतात, ‘वकील कोण दिलाय?’ वकिलाच्या नावावरून घरची ऐपत कळते आणि ऐपतीवरून केस कुठं जाणार याचा अंदाज पारावर बसून बांधला जातो. जानेवारी २०२२ मध्ये माझ्या धाकट्या भावाला अटक झाली, तेव्हा दूधवाल्यापासून हेडमास्तरांपर्यंत सगळ्यांनी मला हेच विचारलं. त्यानं खरंच काही केलंय का, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं. बांधाच्या जुन्या वादातून संध्याकाळी शिवारात मारामारी झाली आणि शेजारच्या रानातला एक माणूस गेला. फिर्यादीत सात नावं होती. खुनाच्या कलमाबरोबर तेव्हाच्या भारतीय दंड संहितेतली १४३, १४७, १४८ आणि १४९. हे १४९ फार वाईट. समान उद्देशानं जमलेल्या बेकायदेशीर जमावात तुम्ही होता एवढं शाबीत झालं, की काठी कुणाच्या हातात होती याला अर्थ राहत नाही. शिक्षा सगळ्यांना सारखी. म्हणून फिर्याद देताना घरातले सगळे कर्ते पुरुष नावानिशी घालायची रीतच पडली आहे. आमच्या चुलत्यांबरोबर भावाचं नाव गेलं. चुलत्यांच्या उसात तोडीला आलेला बीडकडचा एक मजूरही त्यात सापडला.

भाऊ त्या वेळी ट्रॅक्टर घेऊन कारखान्याच्या काट्यावर होता. आम्हाला ते ठाऊक होतं. पण कोर्टाला ते कळायला कागद लागतो आणि कागद वेळेत गोळा करायला माणूस लागतो.

आमच्या वडिलांनी, आण्णांनी, जिल्ह्यातलं मोठं नाव गाठलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आकडे सांगितले. जामिनाचे साठ हजार. चार्जशीट आल्यावर पुन्हा जामीन टाकायचा तर त्याचे वेगळे. खटल्याचे अडीच लाख, टप्प्याटप्प्यानं. हायकोर्टात दुसरे वकील, त्यांची फी ते सांगतील. आण्णांनी, ‘पोरगं सुटल्यावर एकदम देतो की,’ म्हणून पाहिलं. साहेब हसले. निकालावर फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, हे मला तिथं कळलं. हरलो तरी फी द्यायचीच होती.

मी पतसंस्थेत कॅशियर. त्यामुळं पैसे उभे करणं माझ्याकडं आलं आणि हिशेबाची वहीही. आईच्या पाटल्या आणि माझं गंठण आमच्याच संस्थेत सोनेतारण ठेवलं. माझ्याच सहीनं माझ्याच दागिन्यांची पाकिटं सीलबंद झाली. आज ती वही चाळली की एक गोष्ट ठळक दिसते. पैसा निम्म्याहून जास्त गेला तो पहिल्या काही महिन्यांत, आणि तो सगळा भावाला बाहेर काढण्यावर गेला. खटल्यासाठी, म्हणजे ज्यात त्याचं आयुष्य ठरणार होतं त्यासाठी, पदराला गाठ मारून ठेवलेलं काही उरलंच नाही. यात नवल नाही. आत गेलेला माणूस कळंबा जेलच्या मुलाखतीत जाळीपलीकडून ‘अक्का, कधी?’ असं विचारतो, तेव्हा दोन वर्षांनी होणाऱ्या उलटतपासणीसाठी पैसे राखून ठेवायचं कुणाला सुचेल?

जामिनाचं गणित असं. खुनासारख्या गुन्ह्यात पोलिसांना दोषारोपपत्रासाठी नव्वद दिवस असतात. त्या मुदतीत ते आलं नाही, तर जामीन हा आरोपीचा हक्क होतो. आमचं ऐंशीव्या दिवशी आलं. सत्र न्यायालयानं अर्ज फेटाळला. मग मुंबई. कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं. आमच्या वेळी मिरजेहून रात्रीची महालक्ष्मी धरायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, स्टेशनातच तोंड धुवायचं आणि फोर्टात जाऊन बोर्ड बघायचा. बोर्डावर आपला नंबर सत्तरच्या पुढं असला की त्या दिवशी काही होत नाही, हे कळायला दोन खेपा पुरल्या. तिथल्या वकिलांची फी, रेल्वेचं तिकीट, डबा, बुडालेली रजा, हे सगळं एका ‘नॉट रीच्ड’साठी. कोल्हापूरच्या बेंचसाठी वकिलांनी इतकी वर्षं आंदोलनं का केली, हे आमच्यासारख्यांना समजावून सांगायची गरज नाही.

इकडं खालच्या कोर्टात साहेबांचे ज्युनिअर उभे राहत. पुकारा झाला की, ‘साहेब हायकोर्टात आहेत, पुढची तारीख द्यावी.’ साहेबांबद्दल माझी तक्रार एवढीच की ते हजर असले म्हणजे उत्तम बोलत, पण त्यांच्याकडं आमच्यासारख्या चाळीस फायली होत्या. चारशे पानांचं दोषारोपपत्र त्यांनी पुरतं कधी वाचलं, मला सांगता येणार नाही. काट्याची पावती मी त्यांच्या ऑफिसात पहिल्याच आठवड्यात दिली होती. भरलेल्या गाडीचं वजन रात्री ७:५२ ला, रिकाम्याचं ११:२० ला. मारामारीची वेळ आठ. पण पावतीवर गाडीचा नंबर असतो, चालकाचं तोंड नसतं. तोंड होतं काट्यावरच्या कॅमेऱ्यात. ते रेकॉर्डिंग राखून ठेवा, असं पत्र कारखान्याला जाईपर्यंत त्यावर नवं रेकॉर्डिंग चढलं होतं. पोलिसांनी ते मागितलं नव्हतं.

बीडच्या मजुराला वकील द्यायला कुणीच नव्हतं. मुकादम एकदा येऊन गेला, परत दिसला नाही. त्याला सरकारतर्फे वकील मिळाला. गावाकडं असा वकील म्हणजे नावापुरता, असं मत पक्कं आहे. ते अगदीच निराधार आहे असंही नाही. एकेका केसला तुटपुंजं मानधन देऊन पॅनेलवरचा वकील नेमायचा, ही पद्धत वर्षानुवर्षं चालली. पण त्या सुमारास लोकअभिरक्षक कार्यालयं नव्यानं सुरू होत होती. तिथले वकील पगारी. त्यांना खासगी वकिली करायची मुभा नाही, कामच आरोपींच्या बचावाचं. मजुराच्या वाट्याला आलेल्या मॅडम पस्तिशीच्या असतील. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या कोर्टाबाहेरच्या बाकावर बसून दोषारोपपत्राच्या कडेला पेन्सिलीनं खुणा करत होत्या. पानांना रंगीत चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. आमच्या साहेबांच्या फायलीला एकही चिठ्ठी नव्हती.

त्यांनीच मला विचारलं, ‘त्या रात्री शिवारात लाईट होती का हो?’

फिर्यादीतल्या मुख्य साक्षीदारानं सातही जणांना मोटारीच्या खोलीवरच्या बल्बच्या उजेडात ओळखलं होतं. पंचनाम्यात बल्ब होता. चालू होता की नाही, हे कुणी लिहिलं नव्हतं. मॅडमनी महावितरणच्या उपकेंद्राचं लॉगबुक कोर्टामार्फत मागवलं. फीडर बंद झाल्याची वेळ ६:४०, सुरू झाल्याची ९:१५, खाली यंत्रचालकाची सही. शाईच्या पेनानं लिहिलेली दीड ओळ.

उलटतपासणीच्या दिवशी मी मागच्या बाकावर होते. मॅडमनी आवाज चढवला नाही. बल्ब किती वॅटचा, खोलीच्या कुठल्या भिंतीवर, तुम्ही किती अंतरावर उभे होता, असं विचारत गेल्या. साक्षीदार सगळ्याला ठामपणे उत्तरं देत होता, पिवळा उजेड होता म्हणाला, लांबपर्यंत स्वच्छ दिसत होतं म्हणाला. मॅडमनी ते सगळं जसंच्या तसं टंकलेखकाकडून उतरवून घेतलं. मग लॉगबुकची प्रत दाखवली. साक्षीदार म्हणाला, ‘मग बॅटरी असंल.’ पोलिसांना दिलेल्या जबाबात बॅटरी नव्हती. आमच्या साहेबांनी त्यानंतर त्याच धाग्यावर काट्यावरच्या क्लार्कची साक्ष घेतली आणि चांगली घेतली, ते नाकारून चालणार नाही.

बाहेर चहा पिताना मॅडमनी नाशिकची केस सांगितली. २००३ चा दरोडा आणि खून. भटक्या जमातीतले सहा जण. सुप्रीम कोर्टानं २००९ मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली आणि मार्च २०१९ मध्ये त्याच कोर्टानं सगळ्यांना निर्दोष सोडून प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला लावली. वाचलेल्या प्रत्यक्षदर्शी बाईनं पोलिसांच्या फोटोंमधून भलतीच चार माणसं ओळखली होती आणि सरकार पक्षानं ते दडवलं होतं. सोळा वर्षं. मला चहा गेला नाही.

जामिनाकडं मागं वळायचं, तर मजुराला तो आमच्या भावानंतर काही आठवड्यांनी मिळाला. पंचवीस हजारांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा स्थानिक जामीनदार. भावासाठी मामांनी सातबारा आणि ऐपतीचा दाखला लावला, तो तिसऱ्या दिवशी घरी आला. बीडच्या माणसासाठी सांगलीत सातबारा कोण लावणार? हुकूम हातात असून तो आतच. सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२३ मध्ये अशा कैद्यांसाठीच निर्देश दिले होते: जामीन होऊन महिनाभरात पूर्तता झाली नाही, तर कोर्टानं अटी सैल करण्याचा स्वतःहून विचार करावा. मॅडमनी त्यावर बोट ठेवून अर्ज दिला, स्थानिक जामीनदाराची अट निघाली आणि तो सुटला. तोवर उसाचा हंगाम संपला होता.

हे सगळं पाहताना मी कायद्याची पुस्तकं नाही, पण निकाल वाचायला लागले. आरोपीला वकील देणं ही मेहेरबानी नसून सरकारचं कर्तव्य आहे, असं सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्येच सांगितलं होतं, तेही महाराष्ट्रातल्याच होसकोट खटल्यात. १९८७ च्या विधी सेवा कायद्यात तर कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अटच नाही. म्हणजे पाटल्या गहाण पडण्याआधी, अटकेच्या दिवशीच, माझ्या भावालाही मोफत वकील मागता येत होता. पोलीस ठाण्यात, कोर्टात, साहेबांच्या ऑफिसात, कुठंही हे वाक्य आमच्या कानावर पडलं नाही. पडलं असतं तरी आण्णांनी ऐकलं असतं असं वाटत नाही. ‘फुकटचा वकील’ दिला म्हणून भावकीत काय बोललं गेलं असतं, हे मी इथं बसून ऐकू शकते.

निकाल २०२४ च्या शेवटी लागला. भाऊ, मजूर आणि दोघे चुलते सुटले. बाकी तिघांच्या निवेदनावरून हत्यारं निघाली होती, रक्ताच्या रासायनिक तपासणीचा रिपोर्टही त्यांच्याविरुद्ध होता. त्यांना जन्मठेप झाली. ते चुकीचं झालं असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरचा माणूस गेला, त्यांनीही सरकारी वकिलांच्या मदतीला खासगी वकील दिला होता आणि अर्धा एकर विकला होता. तिघांचं अपील आता कोल्हापुरात आहे. त्यांच्या घरचे मला वकिलाचं नाव विचारतात. मी त्यांना मोफत विधी सेवेच्या कार्यालयाचा पत्ता देते, ते मान हलवतात आणि कोल्हापुरातलं मोठं नाव कोण, म्हणून पुन्हा विचारतात.

माझं गंठण अजून संस्थेतच आहे, व्याज भरून नूतनीकरण चालू आहे. काउंटरवर सोनं घेऊन माणूस आला की कर्जाचं कारण फॉर्मात लिहावं लागतं. कुणी ‘कोर्टाचं काम’ म्हणालं तर मी विचारते, तुमचा माणूस आत आहे की बाहेर? आत असेल तर मोफत वकिलाचा अर्ज जेलमधूनही करता येतो, हे सांगते आणि विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता एका चिठ्ठीवर लिहून देते. परवा आमचे मॅनेजर केबिनमधून म्हणाले, ‘मॅडम, तारणाचं टार्गेट आपल्याला पण आहे हो.’ मी म्हटलं, आहे की. चिठ्ठी घेऊनसुद्धा दहातले आठ जण सोनं ठेवूनच जातात.