पत्रकारितेचा वर्ग आणि आमचा मोहल्ला

२००६ च्या जुलैत मी नागपूर विद्यापीठात पत्रकारितेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला. विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव मिळून जेमतेम वर्ष झाले होते. कागदांवर कुठे जुने नाव असे, कुठे नवे. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले. अब्बा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मास्तर, त्यामुळे आम्ही सारी भावंडे मराठीतूनच शिकलो. मी डी.एड. करावे आणि शाळेत लागावे, असे अब्बांच्या मनात होते. अम्मीचा प्रश्न याहून सरळ होता, "अखबार में लड़कियाँ क्या करती?" शेवटी मोमीनपुऱ्यात खालाच्या घरी राहायचे, या अटीवर परवानगी मिळाली. अट माझ्या फायद्याचीच ठरली. त्याच वर्षी १ जूनला पहाटे महालातल्या संघ मुख्यालयावर हल्ल्याचा प्रयत्न झाला होता आणि तिघे हल्लेखोर पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले होते. माझ्यासारख्या नावाच्या मुलीला त्या दिवसांत भाड्याची खोली शोधत हिंडावे लागले नाही, हे बरेच झाले.

वर्गात पहिल्या आठवड्यात तो नेहमीचा प्रश्न आलाच. "तुमचं मराठी इतकं छान कसं?" आपल्यापैकी ज्यांना ज्यांना हा प्रश्न विचारला गेला असेल, त्यांची उत्तरे एकदा गोळा करायला हवीत. मी म्हणाले, "तुमचं जसं, तसंच. शाळेतून." विचारणारी मुलगी पुढे माझी जिवलग मैत्रीण झाली.

वृत्तपत्रांचा इतिहास मला आवडे. बाळशास्त्रींचे 'दर्पण', टिळकांचा 'केसरी', बाबासाहेबांनी १९२० मध्ये काढलेले 'मूकनायक', हे सारे नीट शिकवले जाई. १८५७ मध्ये इंग्रजांनी मृत्युदंड दिलेले 'देहली उर्दू अखबार'चे मौलवी मुहम्मद बाकर मात्र एका ओळीत आटोपत आणि १९१२ चे मौलाना आझादांचे 'अल-हिलाल' दोन ओळींत. ग्रंथालयात वाचताना आणखी एक गोष्ट सापडली. आपल्या देशात विद्यापीठात पत्रकारिता शिकवण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक १९३८ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठात झाला. कुलगुरू सर शाह सुलेमान यांच्या पुढाकाराने सुरू झालेला तो अभ्यासक्रम दोनेक वर्षांतच बंद पडला. आमच्या नागपुरात हे शिक्षण १९५२ च्या सुमारास हिस्लॉप कॉलेजात आले, तेही रोलंड वूल्सली या अमेरिकन प्राध्यापकांच्या हातून. अलीगढचा तो वर्ग चालू राहिला असता, तर आज संपादकांच्या खोल्यांमध्ये कोणती नावे दिसली असती, असे तेव्हा मनात येई.

त्याच वर्षी दिल्लीत झालेल्या एका पाहणीची चर्चा वर्गात झाली. हिंदी-इंग्रजीतली ३७ राष्ट्रीय वृत्तपत्रे आणि वाहिन्या, त्यांतली निर्णय घेणारी ३१५ माणसे तपासली गेली होती. मुसलमान निघाले ३ टक्के. दलित तर शून्य. सरांनी आकडे फळ्यावर लिहिले, मागे वळून पाहिले आणि काही न बोलता पुढचा विषय घेतला.

जनसंपर्काच्या पेपरकडे सगळे 'मार्कांचा विषय' म्हणून पाहत. आम्ही पत्रकार होणार, कंपन्यांची टिमकी वाजवणारे नव्हे, असा एक तोरा वर्गात होता. मलाही तो पेपर रुक्षच वाटला असता, पण त्यात आयव्ही ली भेटला. १९०६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात पडली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. अपघात दाबून टाकण्याची तेव्हाच्या रेल्वे कंपन्यांची रीत. लीने कंपनीला उलटे करायला लावले. काय घडले ते स्वतःच लिहून वृत्तपत्रांना दिले आणि बातमीदारांना घटनास्थळी नेण्याची सोय केली. पहिली प्रेसनोट म्हणून तिचाच दाखला देतात.

त्या संध्याकाळी खालू दुकानातून आले, ते तणतणतच. खालूंचे वाडवडील हातमागावर साड्या विणणारे, खालू स्वतः शिंपीकाम करीत. मोहल्ल्यातल्या वाचनालयाच्या कमिटीचे ते सेक्रेटरी होते. दहावीच्या मुलांसाठी कमिटीने मोफत वर्ग सुरू केले होते. "बेटी, ये मराठी पेपरवाले अपनी खबर छापतेच नई. कुछ बुरा हुआ के दौड़ते आते."

"खालू, आपने भेजी थी क्या?"

त्यांनी भेजी होती. उर्दूत, दोन फुलस्केप. सुरुवातीला हम्द, मग सदर साहेब, नायब सदर, मुतवल्ली, हाजी साहेब, दोन डॉक्टर, एक माजी नगरसेवक, प्रत्येकाच्या नावामागे विशेषणांची माळ. वर्ग सुरू झाल्याचे शेवटच्या परिच्छेदात आणि वर्ग किती वाजता भरतो हे कुठेच नाही. मी ती नोट समोर घेतली आणि कोण, काय, कधी, कुठे, का, कसे, या क्रमाने मराठीत आठ ओळी लिहिल्या. मान्यवर सगळे गाळले. खालूंचा चेहरा उतरला. "सदर साब का नाम तो रखो!" शेवटच्या ओळीत ठेवले. दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या आत खालू स्वतः सायकलवरून चार कचेऱ्यांत नोट देऊन आले. दोन पेपरांनी ती छापली, एकाने पाच ओळींत आणि सदर साहेबांचे आडनाव चुकवून. खालूंनी कात्रण दुकानातल्या टेबलाच्या काचेखाली सरकवले. त्या आठवड्यात बाहेरच्या वस्तीतली सात मुले वर्गाला आली, त्यांतली दोन टिमकीतली, हलबा कोष्ट्यांची. पुढे मोहल्ल्यातल्या साऱ्या प्रेसनोटा माझ्याकडे येऊ लागल्या.

८ सप्टेंबरला, शब-ए-बारातच्या दिवशी, मालेगावच्या मशीद-कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. जुम्याच्या नमाजातली माणसे मेली आणि पुढच्या काही आठवड्यांत अटक झाली तीही मुसलमान तरुणांनाच. सरांनी दोन पेपर शेजारी शेजारी मांडले. एकात 'संशयित ताब्यात', दुसऱ्यात थेट 'अतिरेकी'. फरक काय, असे विचारले. तांत्रिक उत्तर सगळ्यांना आले. मग सर म्हणाले, "हा शब्द लिहिताना तुमच्या खिशातून काही जात नाही. ज्याच्याबद्दल लिहिता त्याच्या जातं." मोमीनपुऱ्यात त्या दिवसांत कोणी पेपर मोठ्याने वाचत नसे.

खरी परीक्षा झाली ती दिवाळीनंतर. वर्गाच्या प्रायोगिक अंकासाठी प्रत्येकाने आपल्या भागातली बातमी आणायची होती. गरजू मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी रमजानमध्ये वर्गणी गोळा करणारी एक संस्था होती. दोन वर्षे पैसे मिळाले नाहीत, असे चार मुलींनी मला सांगितले होते. मी संस्थेकडे हिशेब मागितला, मिळाला नाही. तेही बातमीत लिहिले. अंक जेमतेम दोनशे प्रतींचा, पण एक मोहल्ल्यात पोहोचलाच. संस्थेचे खजिनदार घरी आले. खालाने त्यांना चहा दिला, मी आतल्या खोलीत बसून ऐकत होते. ते गेल्यावर खालू एवढेच म्हणाले, "दुनिया पहलेच अपने को बदनाम करती. घर की बात घर में रखते." मी आयव्ही लीची गोष्ट सांगितली, पूल, पाणी, रेल्वे सगळे. खालूंनी ऐकून घेतली. मग महिनाभर एकही प्रेसनोट माझ्याकडे आली नाही. त्या चारपैकी तिघींना उन्हाळ्यात पैसे मिळाले. चौथीचे लग्न झाले होते.

समाजाची बाजू मांडणे आणि समाजाची बातमी लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत, हे त्या महिन्यात घरातल्या अबोल्याने मला शिकवले. मला दोन्ही करायची होती. अजूनही करते आणि अजूनही दोन्हीकडून बोलणी खाते.

पुढे एका मराठी दैनिकात डेस्कवर लागले. २५ एप्रिल २०१६ च्या रात्री एजन्सीची बातमी आली की, २००६ च्या त्या मालेगाव प्रकरणात अटक झालेल्या मुसलमान आरोपींना मुंबईच्या विशेष न्यायालयाने दोषमुक्त केले. पाच वर्षे तुरुंगात काढून ते २०११ मध्ये जामिनावर सुटले होते. मी पहिल्या पानाचा आग्रह धरला. बातमी आतल्या पानावर, दोन कॉलमांत गेली. मथळा मात्र माझा होता आणि त्यात 'दोषमुक्त' हा शब्द पहिला होता.

१७ मार्च २०२५ रोजी महाल, हंसापुरीत दंगल उसळली आणि शहराच्या बऱ्याच भागांत संचारबंदी लागली. त्या रात्री माझ्या फोनवर दोन्हीकडून व्हिडिओंचा पाऊस पडला. कोण, कधी, कुठे, यातले एकाही व्हिडिओत नव्हते. पहाटे खालूंचा निरोप आला, मराठीत, सहा ओळींचा. हंसापुरीतल्या नातेवाइकांची गल्ली कोणती, दगडफेक किती वाजता झाली, किती गाड्या जळाल्या, त्यांतल्या कोणाच्या किती, तक्रार कोणत्या ठाण्यात दिली. सदर साहेबांचे नाव कुठेच नव्हते.