खिदमत आणि हिशोब

‘खिदमत करायला डिग्री कशाला लागते?’ आमची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे तिला समाजकार्य आणि संस्थांचे व्यवस्थापन शिकायचे आहे. हे नातेवाइकांना कळल्यापासून प्रत्येक दावतीत हा प्रश्न आमच्यासमोर येतो. विचारणारे वाईट नाहीत. त्यांतले बरेचजण रमजानमध्ये गरिबांच्या घरी रेशन पोहोचवतात, कुणाच्या दवाखान्याचे बिल गुपचूप भरतात. त्यांच्या लेखी खिदमत म्हणजे नोकरीधंदा सांभाळून, मगरिब ते इशाच्या मधल्या वेळात करायची गोष्ट. तिचा पगार घेणे म्हणजे सवाब विकणे. मुलीच्या बडे अब्बांनी तर सरळ सांगितले, ‘बेटा, सी.ए. कर. मग हवी तेवढी समाजसेवा कर.’

आम्ही दोघेही शिक्षक. मुलांना उर्दू आणि मराठी शिकवण्यात वीस वर्षे गेली. आमच्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे शिक्षण जकातीच्या आणि देणगीच्या पैशांवर झाले. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पुस्तकात शोधावे लागले नाही.

आमच्या ओळखीचा एक ट्रस्ट आहे, नाव नको. गरजू मुलांची फी भरतो. त्याचे अध्यक्ष आणि सचिव वर्षभराच्या अंतराने अल्लाहला प्यारे झाले. सार्वजनिक न्यासाचे विश्वस्त बदलले की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात त्याची नोंद करायची असते. ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात त्याला. तो कुणी दिलाच नाही. नवा अध्यक्ष कोण, यावर दोन गट पडले. सभेचे इतिवृत्त लिहिलेले नव्हते. बँकेने सही बदलायला नकार दिला. खात्यात पैसे होते, देणाऱ्यांची नियत साफ होती, कुणी एक रुपयाही खाल्ला नव्हता. तरीही त्या वर्षी चेक निघाले नाहीत. आमच्या शाळेतून दहावी झालेल्या एका मुलीला पॉलिटेक्निकला जागा मिळाली होती. वडील रिक्षा चालवतात. मुदतीत फी भरता आली नाही, जागा गेली.

त्या मुलीचे नुकसान बेईमानीने झाले नाही, अव्यवस्थेने झाले. आमच्या मुलीने हे सगळे घरात बसून ऐकले होते. ‘हे काम कुणीतरी नीट शिकून करायला नको का?’ असे तिने तेव्हाच विचारले होते.

आता पगाराचा मुद्दा. सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. पहिले दोन गरीब आणि मोहताज. तिसरे कोण? जकात गोळा करण्याचे आणि वाटण्याचे काम करणारे कर्मचारी. म्हणजे हे काम फुरसतीचे नाही, त्याला पूर्णवेळ माणूस लागतो आणि त्या माणसाचेही घर चालले पाहिजे, हे आपल्या दीनने चौदाशे वर्षांपूर्वी मान्य केले. हजरत उमर (रजि.) यांनी खैबरची जमीन वक्फ केली, तेव्हाही व्यवस्था पाहणाऱ्याने रास्त प्रमाणात त्यातून खावे, अशी मुभा ठेवली होती. हलाल मेहनतीचा मोबदला घेतल्याने खिदमत कमी होत नाही.

या शिक्षणाला आपल्याकडे परंपराही आहे. भारतातले समाजकार्याचे पहिले महाविद्यालय १९३६ साली मुंबईत सुरू झाले, तेही नागपाड्यात, आपल्याच वस्तीत. सर दोराबजी टाटा ट्रस्टने काढलेली ती संस्था म्हणजे आज देवनारला असलेली टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. तिचे एक केंद्र तुळजापूरलाही आहे. मुंबईचे निर्मला निकेतन आणि पुण्याची कर्वे समाज सेवा संस्था यांनाही कित्येक दशके झाली. गुजरातमध्ये आणंदला डॉ. वर्गीस कुरियन यांच्या पुढाकाराने १९७९ साली इर्मा ही संस्था उभी राहिली. दूध संघ आणि ग्रामीण संस्था चालवायला खास शिकलेले व्यवस्थापक हवेत, हा त्यामागचा विचार. तिथल्या मुलांना काही आठवडे खेड्यात राहूनच शिकावे लागते.

पदवीनंतर साधारण दोन वर्षांचे हे शिक्षण. त्यात काय असते? जमाखर्च आणि ऑडिट. न्यास, सोसायटी आणि कंपनी कायद्यातील कलम ८ची कंपनी यांतला फरक. प्रकल्पाचा प्रस्ताव कसा लिहायचा, वस्तीची खरी गरज कशी तपासायची, वाटलेल्या पैशाने कुणाचे काय बदलले ते कसे मोजायचे. २०१३च्या कंपनी कायद्याने ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. पण ती घ्यायला संस्थेकडे आयकर खात्याची १२-अ आणि ८०-जी नोंदणी आणि चोख कागदपत्रे लागतात. आमच्या पाहण्यातल्या कितीतरी अंजुमनांचे काम उत्तम, पण दारे इथेच बंद होतात.

आणि नेतृत्व? आपण रोज पाच वेळा ते पाहतो. इमाम पुढे उभा असतो, सगळी जमात त्याच्या मागे. पण तो तिलावतीत चुकला तर मागचा साधा मुक्तदीही लुकमा देतो आणि इमाम दुरुस्ती करून पुढे जातो. कुणाचा अपमान होत नाही, नमाज वाचते. आपल्या कमिट्यांमध्ये मात्र अध्यक्षांना हिशोब विचारला की तो बगावत समजला जातो. एकच माणूस तीस वर्षे खुर्चीवर, दुसरी फळी तयार नाही, बायका आणि तरुण बैठकीत नाहीत. तो माणूस गेला की संस्था त्याच्याबरोबर जाते. ही दुसरी फळी कशी घडवायची, मतभेद कसे मिटवायचे, कारभार एका माणसाच्या स्वभावावर न सोडता नियमांवर कसा उभा करायचा, हेही शिकवता येते आणि शिकता येते.

अडचणी आम्ही मुलीपासून लपवल्या नाहीत. सुरुवातीचा पगार सी.ए.च्या जवळपासही नसेल. बऱ्याच नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात. निधी संपला की नवी शोधा. फिरती असते, संध्याकाळी उशीर होतो. म्हणून आम्ही तिला तीन गोष्टी सांगितल्या. बी.कॉम. पूर्ण कर, हिशोब येणारा माणूस कुठल्याही संस्थेला हवाच असतो. प्रवेश घेण्याआधी तिथे शिकलेल्या दोन मुलींशी बोल. आणि निदान तीन महिने एखाद्या संस्थेच्या ऑफिसात बसून पावत्या फाड, मग ठरव.

तिसरी गोष्ट तिने लगेच मनावर घेतली. सध्या आठवड्यातून दोन दिवस ती मोहल्ल्याच्या कमिटीचे जुने जमाखर्च लिहून काढते. पहिल्या दिवशी तिला एक रजिस्टर, बिस्किटाच्या डब्यात भरलेल्या पावत्या आणि ‘जपून, अमानत आहे’ अशी ताकीद मिळाली. महिनाभरात त्या पावत्या तारखेप्रमाणे फाइलला लागल्या आहेत. बडे अब्बा या कमिटीचे खजिनदार आहेत. सी.ए.चा विषय त्यांनी अजून सोडलेला नाही. पण परवा त्यांचा फोन आला, ‘तिला विचारा, ऑडिटरकडे जायचे आहे, माझ्याबरोबर येईल का?’

प्रवेशाचे फॉर्म भरायचे आहेत. दोन संस्था तिने निवडल्या आहेत. फीचे पैसे आम्ही बाजूला काढून ठेवले आहेत.