बाळंतपणाच्या यादींतील राहिलेली ओळ

आमच्या घरीं कोणतेंहि कार्य निघालें, मग ती मुंज असो, मंगळागौर असो कीं श्राद्ध असो, त्याची यादी करण्याचें काम परंपरेनें मजकडे आहे. पस्तीस वर्षें शाळेंत संस्कृत शिकविल्यामुळें अक्षर वळणदार राहिलें आहे, आणि एकहि वस्तु सुटूं नये म्हणून वर्गवार लिहिण्याची संवय जडली आहे. २०२३ सालच्या अधिक श्रावणांत आमची थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणासाठीं माहेरीं येणार असें ठरलें, तेव्हां सौ.नें सांगावयाचें आणि मीं लिहावयाचें अशी आमची नेहमीची बैठक झाली. डिंक, खारीक, सुकें खोबरें, हळीव, मेथ्या, बाळंतशेपा, ओवा, वावडिंग, अंगास लावण्याचें तेल, शेगडीचे कोळसे. बाळासाठीं दुपटीं, लंगोट, झबलीं, टोपडीं, कुंची. एकूण त्रेचाळीस बाबी झाल्या. यादी वाचून दाखविली तेव्हां माझी थोरली बहीण आक्का म्हणाली, "आतां हींत कांहीं राहिलें नाहीं." मलाहि तसेंच वाटलें.

परंतु एक ओळ राहिली होती, आणि तिचा दंड माझ्या मुलीस भरावा लागला. ती ओळ कोणती हें सांगण्याकरितां हा लेख लिहीत आहें. विषय नाजूक आहे. कांहीं वाचकांस तो अप्रशस्तहि वाटेल. तथापि जी गोष्ट केवळ बोलण्याची लाज वाटते म्हणून सोसावी लागते, ती घरांतील वडील माणसानेंच एकदां बोलून टाकावी, अशा मतास मी आलों आहें.

प्रसूति शस्त्रक्रियेनें झाली. मुलगी आणि नात दोघी सुखरूप होत्या व पांचव्या दिवशीं घरीं आल्या. आक्कानें सर्व व्यवस्था हातीं घेतली. शेक झाला, धुरी झाली, आणि जुन्या लुगड्याचा पट्टा करून तो पोटावर आवळून बांधणेंहि झालें. "पोट बांधलें नाहीं तर तें जन्मभर सुटलेलें राहतें," हा तिचा सिद्धान्त, आणि आक्काच्या सिद्धान्तास आमच्या घरीं पूर्वपक्ष नसतो. मुलगी दिवसभर बाळास मांडीवर घेऊन बसे; कोणीं विचारलें तर "बरें आहे" म्हणे. मात्र ती कमरेंत वाकून चालत असे, आणि न्हाणीघरांतून परत येण्यास तिला फार वेळ लागे. मीं त्याचा अर्थ, टांके दुखत असतील, असा लावला व वर्तमानपत्र पुढें वाचूं लागलों. नवव्या रात्रीं बाराच्या सुमारास आंतल्या खोलींतून हुंदका ऐकूं आला. बाळ झोपलें होतें. रडत होती ती बाळाची आई.

सौ. आंत गेली ती बऱ्याच वेळानें बाहेर आली. तिनें सांगितलें तें असें. या शस्त्रक्रियेचा छेद बहुधा ओटीपोटाच्या अगदीं खालच्या भागीं आडवा घेतात. तो चार ते सहा इंच लांब असतो. मुलीचीं नेहमीचीं अंतर्वस्त्रें आंखूड कमरेचीं होतीं. त्यांचें इलॅस्टिक नेमकें त्या टांक्यांवरून जात होतें, आणि त्यावर आक्काचा पट्टा. उठतां बसतां ती रेघ घांसत राहिली, घामानें ओली राहिली, आणि कातडी सोलवटली. चार दिवस तिनें हें कोणास सांगितलें नाहीं. आईस सांगावें तर आक्का शेजारीं, आणि वडील तर बाहेर बसलेले!

दुसऱ्या दिवशीं सकाळींच आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलों. सुदैवानें पू झालेला नव्हता. बाईंनीं पट्टा सोडविला, जखम स्वच्छ करून कोरडी केली, औषध लिहून दिलें, आणि म्हणाल्या, "टांके चांगले आहेत; हें दुखणें कपड्यांनीं केलें आहे." मग चिठ्ठीच्या पाठीमागें चार ओळी लिहून त्यांनीं इकडेतिकडे पाहिलें. जांवईबापू रजा संपून नोकरीवर परतलेले, सौ.स बाळ-बाळंतीण सोडून हलतां येत नव्हतें. राहिलों मी. "आजोबा, हीं वस्त्रें आजच्या आज आणा," असें म्हणून त्यांनीं ती चिठ्ठी माझ्या हातावर ठेवली.

वाचकहो, तुळशीबागेंतील राममंदिरांत मी लहानपणापासून जात आलों आहें. परंतु त्या भोंवतालच्या बायकांच्या दुकानांपैकीं एकाचीहि पायरी मीं कधीं चढलेली नव्हती. छत्री मिटून मी दोन दुकानें नुसतीं पाहून पुढें गेलों. तिसऱ्यांत शिरलों, आणि हलक्या आवाजांत, "सूतिकेकरितां अधोवस्त्रें मिळतील काय?" असें विचारलें. गल्ल्यावरील गृहस्थ मजकडे पाहतच राहिले. तेव्हां आंत मालाच्या घड्या घालीत असलेली एक तरुण बाई पुढें आली. "आजोबा, डिलिव्हरीनंतर घालायची निकर पाहिजे ना? सिझर कीं साधी?" तिच्या आवाजांत ना हंसूं होतें ना संकोच. माझा मात्र जीव भांड्यांत पडला. मीं चिठ्ठी तिच्यापुढें ठेवली.

पुढील पाऊण तासांत त्या बाईनें मला जें शिकविलें तें एखाद्या चांगल्या शिक्षकास शोभणारें होतें. तिला स्वतःला दोन मुलें होतीं, म्हणून तिची विद्या अनुभवाची होती. डॉक्टरीणबाईंच्या चार ओळींवरील तें भाष्यच म्हणाना! दोघींच्या सांगण्याचें सार येथें देतों.

पहिली गोष्ट मापाची. मूल जन्मलें म्हणजे पोट लगेच पूर्ववत् होतें ही समजूत चुकीची आहे. प्रसूतीनंतर कांहीं दिवस पोट पांचसहा महिन्यांच्या गर्भारपणासारखें दिसतें, आणि गर्भाशय मूळ आकारास येण्यास सुमारें सहा आठवडे लागतात. तेव्हां माहेरच्या कपाटांतील जुनें माप उपयोगाचें नाहीं. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत लागत होतें तें माप, किंवा त्याहून एक मोठें, घ्यावें. दुसरी गोष्ट कमरेची. शस्त्रक्रिया झाली असेल तर वस्त्र बेंबीपर्यंत किंवा तिच्याहि वर पोंचणारें असावें, म्हणजे पट्टी टांक्यांच्या पुष्कळ वर राहते. ती पट्टी रुंद व मऊ असावी; बोटें घालून ओढली असतां सहज सैल व्हावी. प्रसूति नैसर्गिक असेल तर पोटावर जखम नसते, परंतु पुष्कळदां खालच्या बाजूस टांके असतात. तेथें जाड शिवण टोंचूं नये म्हणून वस्त्र उलटें करून आंतील शिवणीवरून बोट फिरवून पाहावें. मांड्यांशींहि घट्ट इलॅस्टिक नको, कारण या दिवसांत पायांस सूज असते.

तिसरी गोष्ट कापडाची. सुती होजिअरीचें मऊ कापड सर्वांत चांगलें. तें घाम शोषून घेतें व त्यांतून वारा खेळतो. बाळंतिणीस पहिले कांहीं दिवस रात्रीं फार घाम येतो. गुळगुळीत कृत्रिम धाग्याच्या वस्त्रांत ती ओल अंगाशीं कोंडून राहते. जाळी, झालर यांचें या काळांत कांहीं काम नाहीं. चौथी गोष्ट संख्येची व रंगाची. स्राव साधारण चार ते सहा आठवडे चालतो. आरंभीं लाल व पुष्कळ, पुढें तपकिरी, आणि शेवटीं पिवळसर पांढरा. मोठें पॅड नीट बसेल इतकी वस्त्राची मधली पट्टी रुंद असावी. दिवसांतून अनेक वेळां बदलावें लागतें म्हणून आठदहा नग तरी हवेत, आणि डागांची काळजी नको म्हणून ते गडद रंगाचे असावेत. पहिल्या दिवसांकरितां वापरून टाकून द्यावयाचींहि वस्त्रें मिळतात. पॅड सुगंधी नसावें, तीनचार तासांनीं बदलावें, आणि आंत ठेवण्याच्या वस्तु डॉक्टरांनीं परवानगी देईपर्यंत वापरूं नयेत.

दहा नग घेतले. बारशाकरितां आम्हीं जे पेढे सांगितले होते त्यांच्या किंमतीच्या मानानें ही रक्कम अगदींच थोडी होती. "आजोबा, असे वडील आमच्या दुकानांत येत नाहींत," असें ती बाई पुडकें बांधतां बांधतां म्हणाली. तिचा हेतु स्तुतीचा होता. मला मात्र ती स्तुति घेववली नाहीं.

घरीं आलों तों आक्का रुसून बसली होती. पट्टा सोडविला हें तिला पटलेलें नव्हतें. "अरे, पिढ्यान् पिढ्या पोट बांधतात, तें काय उगीच?" तिचें म्हणणें निराधार नव्हतें. मीं चरकसंहिता काढली. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत, सूतिकेच्या पोटास तूप-तेल लावून तें वस्त्रानें वेष्टावें, म्हणजे वायूस तेथें अवकाश मिळत नाहीं, असें सांगितलें आहेच. परंतु त्या वस्त्रास ग्रंथकारानें दोन विशेषणें लाविलीं आहेत: तें मोठें असावें आणि तें स्वच्छ असावें. मीं आक्कास म्हटलें, "आक्का, वेष्टणें आपण लक्षांत ठेवलें आणि विशेषणें विसरलों. शिवाय चरकाच्या सूतिकेच्या पोटावर टांके नव्हते." डॉक्टरीणबाईंचा निर्वाळाहि तिला सांगितला: सैलसर, मऊ आधार डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेतला तर उठतां बसतां बरें वाटतें; पण आवळून बांधल्यानें पोटाचा आकार कमी होत नाहीं, उलट तो दाब खालच्या सैल झालेल्या स्नायूंवर पडतो. आक्का कांहीं बोलली नाहीं. परंतु रात्रीं तिनें तो लुगड्याचा पट्टा घडी करून ट्रंकेंत ठेवून दिला.

त्या संध्याकाळीं मुलगी सरळ उभी राहून माझ्यापर्यंत चालत आली. "बाबा, तुम्ही स्वतः गेलांत?" एवढेंच म्हणाली. निजानीज झाल्यावर सौ. माझ्याजवळ येऊन बसली. जें तिनें एकतीस वर्षांत कधीं सांगितलें नव्हतें तें तिनें त्या रात्रीं सांगितलें. हीच मुलगी १९९२ सालच्या आषाढांत जन्मली. तेव्हां सौ.स आई नव्हती, म्हणून बाळंतपण आमच्याच घरीं झालें. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या वापरावयाच्या, त्या कोणाच्या दृष्टीस पडूं नयेत म्हणून पहांटे धुवावयाच्या, आणि माळ्यावर गोधड्यांच्या आड वाळत घालावयाच्या. झडीच्या पावसांत त्या वाळत नसत. ओल्याच घ्याव्या लागत. अंगावर चट्टे उठले, खाज सुटली, दोन दिवस ताप आला. "दुधाचा ताप असेल," असें सर्वांनीं म्हटलें, आणि तिनेंहि तसेंच म्हटलें. "सांगणार कोणाला? तुम्ही तर ओसरीवर मुलांना शिकवीत होतां."

मी काय शिकवीत होतों हें मला पक्कें आठवतें. रघुवंशाचा तिसरा सर्ग. राणी सुदक्षिणा गर्भवती आहे. तिला काय हवें नको तें ती लाजेनें बोलून दाखवीत नाहीं, म्हणून राजा दिलीप तिच्या सख्यांना पुन्हां पुन्हां विचारतो, असें कालिदासानें तेथें वर्णिलें आहे. त्या श्लोकाचा अन्वय, समास, विग्रह मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिला. राजाचा आदरभाव विद्यार्थ्यांस समजावून सांगतांना माझा गळाहि भरून येई. आणि दहा पावलांवर माझी पत्नी ओल्या चिंध्या अंगाशीं धरून ताप सोशीत होती. तिला विचारावें, निदान तिच्याजवळच्या कोणा बाईस विचारावें, हें मला सुचलें नाहीं. तिचें दुःख तर होऊन गेलें. त्याची भरपाई माझ्या हातीं नाहीं. मीं तिची क्षमा मागितली. "आतां काय त्याचें!" असें ती म्हणाली; पण उठून गेली नाहीं, बराच वेळ तशीच बसून राहिली.

वस्त्रें लपवून वाळविण्याची चाल मात्र मीं दुसऱ्याच दिवसापासून मोडली. सौम्य साबणानें धुऊन, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून, तीं गॅलरींतील दोरीवर उघड्या वाऱ्यांत घालूं लागलों. ऊन असलें तर उन्हांत, नसलें तर पंख्याखालीं पूर्ण कोरडीं करून वर गरम इस्त्री. पहिल्या दिवशीं आक्का म्हणाली, "समोरच्या बिऱ्हाडांतून दिसतें रे." मीं म्हटलें, "दिसूं दे. त्यांच्या घरींहि लेकीबाळी आहेत." पंधरा दिवसांत जखम नीट भरून आली.

कांहीं गोष्टी मात्र कपड्यांवर सोंपवून चालत नाहींत. एक मोठें पॅड तासाभरांत पूर्ण भिजलें, मोठ्या गुठळ्या पडल्या, स्रावास दुर्गंधी आली, ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक झाला, अथवा टांक्यांजवळ लाली वाढली, पू आला, तोंड उघडलें, तर उद्यांची वाट न पाहतां डॉक्टरांस गांठावें. हीं लक्षणें मीं कागदावर लिहून बाळंतिणीच्या खोलींत दारामागें डकविलीं आहेत.

धाकट्या मुलाच्या घरीं आतां पाळणा हलणार आहे. सूनबाई माहेरीं जाईल. विहीणबाईंस पाठवावयाची यादी मीं कालच लिहिली. डिंक, खारीक त्यांच्याकडे असेलच; म्हणून या वेळीं मीं ती ओळ सर्वांत वर घातली आहे: "बाळंतिणीकरितां सैल, उंच कमरेचीं, मऊ सुती अंतर्वस्त्रें, नग दहा." आणि ज्यांनीं हा लेख येथवर वाचला त्या कर्त्या पुरुषांस माझें एवढेंच सांगणें आहे कीं, यादीवरील ही ओळ बायकांची आहे असें समजून ती सोडून देऊं नये. लेकीला, सुनेला, पत्नीला लाजेनें सांगतां येत नसेल, तर दिलीपाप्रमाणें आपण विचारावें. आणि उत्तर मिळाल्यावर छत्री घेऊन बाजारास निघावें.